खालच्या ओठामागचं हाड

खालचे पुढचे चार दात मी कुस्तीच्या मैदानात गमावले, असं सांगायला मला फार आवडेल. मैदानात मी असतो हे खरं आहे, पण मातीत नाही. कडेच्या मांडवात, हातात माइक घेऊन. आमच्या सातारा-सांगलीकडच्या जत्रांत पैलवान आत उतरला की त्याचं गाव कोणतं, तालीम कोणती, त्याच्या आजोबानं कुणाला पाठीवर पाडलं होतं, हे सगळं हजारो माणसांना ओरडून सांगणारा जो इसम असतो, तो मी.

तर दात. पहिला भाकरीच्या घासाबरोबर आला. दुसरा पेरूत राहिला. तिसरा चूळ भरताना मोरीत पडला आणि मी वाकून बघेपर्यंत वाहून गेला. चौथा तेवढा मैदानात गेला. शेवटची मोठी कुस्ती लागायची होती, दात जिभेला लागून लटलटत होता, म्हणून मांडवामागं जाऊन मीच दोन बोटांनी तो उपटला, खिशात टाकला आणि माइक धरला. त्या दिवशी घिस्सा डाव मी पाच वेळा सांगितला आणि पाचही वेळा कर्ण्यातून शिट्टी वाजली. साउंडवाल्यानं तीनदा वायर बदलली.

हसायला सोपं आहे. पण माझं पोट त्या तोंडावर आहे. निवेदकाचा 'स' गेला की त्याचं मैदान गेलं. पलीकडच्या तालुक्यात एक तरणाबांड निवेदक माझा घसा कधी बसतोय याची वाट बघत बसलेला होता. साताऱ्यात कुठल्या दाताच्या दवाखान्यात शिरलो असतो तर संध्याकाळपर्यंत चार यात्रा कमिट्यांना बातमी गेली असती. म्हणून मी घरी सांगितलं, बहिणीला भेटून येतो. लोणंदला रेल्वेत बसलो आणि सांगली गाठली.

बहीण माधवनगरला राहते. तिनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि तिथंच कपाळावर हात मारला.

"आरं दादा, हे काय रं! बोळकं झालं की!"

"हळू बोल."

"कोण ऐकतंय? शेजारी? ती तर रोज मोबाइलवर तुझ्याच कुस्त्या लावत्यात. बोलवू का? बघू दे त्यास्नी बी."

तिच्या ओळखीची एक दातांची डॉक्टर होती, तिच्याकडं ती मला घेऊन गेली. वय पस्तिशीचं, बोलायला गोड, बघायला कडक. मी खुर्चीत आडवा होऊन सांगितलं, चार दात बसवा, पक्के बसवा, माइकसमोर हलता कामा नयेत.

"काका, दात नंतर. आधी हाड बघायचं."

"हाडाचं काय? ते आत आहेच की."

ती हसली. "माझे वडील हळदीचे व्यापारी आहेत. हळकुंड वरून सगळंच पिवळं दिसतं. ते मोडून आत बघतात. आतून भरीव, दाट निघालं तर माल चांगला. तुमचा जबडा काही मला मोडून बघता येत नाही, म्हणून थ्री-डी स्कॅन काढायचा. हाड किती उंच आहे, किती रुंद आहे, आत किती भरीव आहे आणि किती जाळी झालीय, ते त्यात दिसतं. दात ज्यावर बसवायचे तो स्क्रू त्या हाडाला धरून उभा राहणार. हाडच भुसभुशीत असेल तर तो धरणार कशाला?"

मग तिनं विचारलं, "तंबाखू?"

"छे! सोडून कैक वर्षं झाली."

हे मी मैदानावरच्या आवाजात सांगितलं. खरी गोष्ट अशी की, त्याच सकाळी रहिमतपूर मागं पडल्यावर मी बार लावला होता आणि कराडला थुंकला होता. सांगलीत उतरून स्टेशनच्या नळावर सात-आठ चुळा भरल्या होत्या. शहाणा माणूस मी.

तिनं हातमोज्याच्या बोटानं माझा खालचा ओठ पुढं ओढला, दिवा जवळ आणला आणि आत बघितलं.

"इथली कातडी पांढरी पडलीय. सुरकुतल्यासारखी झालीय. कधीपासून आहे?"

"जन्मखूण असेल," मी म्हणालो.

ती हसली नाही. माझ्या विनोदाला समोरचा हसला नाही की मला मैदान रिकामं दिसायला लागतं. पण या वेळी दिसलं ते वेगळंच. मला आबा दिसले.

आबा म्हणजे ज्यांनी मला माइक धरायला शिकवलं ते. नात्यानं कोणी नव्हेत, पण बापापेक्षा जास्त. त्यांच्यासारखा आवाज या पट्ट्यात पुन्हा झाला नाही. त्यांची एक रीत होती. मैदान सुरू व्हायच्या आधी ते मांडवात बसून तंबाखू मळायचे, चुना लावायचे, दोन टाळ्या द्यायचे आणि त्यातली अर्धी चिमूट माझ्या तळहातावर ठेवायचे. ती खालच्या ओठात धरली की मगच माइक माझ्याकडं यायचा. माझ्या लेखी तो प्रसाद होता. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आबांच्या खालच्या जबड्याची डावी बाजू काढून टाकली. तेव्हापासून ते तोंडावर उपरणं धरून बसतात. बोलत नाहीत. एक शब्दही नाही.

स्कॅनच्या चिठ्ठीवर तिनं काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. ती खिशात घालून मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी स्कॅन सेंटरला गेलो. चिठ्ठी आत देऊन बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो आणि भीती घालवायला जे मी तीस वर्षं करत आलो होतो तेच केलं. मळली, टाळी दिली, ओठात धरली. दहा मिनिटांनी थुंकायची, चूळ भरायची, आत जायचं, असा बेत. एवढ्यात दारातून एक बाई बाहेर आल्या, हातात माझी चिठ्ठी.

"चला काका, मशीन मोकळं हाय. लगेच घेते."

थुंकायला जागा नाही. फरशी चकचकीत, समोर बाई. मी आत गेलो.

"गळ्यातलं, कानातलं, चष्मा, सगळं काढून ठेवा. धातू नको."

मी ओठ जेमतेम उघडून, जमेल तितक्या कमी हालचालीत विचारलं, "करदोटा चांदीचा आहे. काढू का?"

"राहू द्या तो. आपल्याला जबडा बघायचाय." आणि बाई थबकल्या. माझ्याकडं वळून बघत राहिल्या. "आवं… तुमी कुस्तीवाले न्हवं? ह्यो आवाज म्या कुठंबी वळखीन!"

मी मान हलवली. हो म्हणायला तोंड उघडायची सोय नव्हती.

"आवं अण्णा, माझी लेक तुमच्यामुळं तालमीत जाती! तुमी मैदानात सांगता न्हवं, पोरांनो तंबाखूला शिवू नका, पैलवानाचा घात हाय तो. ते तिनं तिच्या बापाला रोज जेवताना ऐकवलं. तुमचा आवाज काढून. म्हैनाभर. शेवटी सोडली की त्यानं!"

मी सांगतो, अगदी खरं सांगतो. हे मी प्रत्येक मैदानात म्हणायचो, ओठात बार धरून.

"तोंडात काय न्हाई ना?" त्यांनी विचारलं. कवळी, तार, असलं काही, असं त्यांना म्हणायचं होतं. मी ठामपणे मान हलवली. नाही. काही नाही.

त्यांनी हनुवटी एका पट्टीवर टेकवायला लावली, कपाळाला पट्टा आवळला, दोन्ही हातांनी दांड्या धरायला लावल्या. "आता हलायचं न्हाई. जीभ हलवायची न्हाई. गिळायचं न्हाई. जरा हललं की फोटो फिसकटतो, मग पुन्हा सगळं." आणि त्या काचेच्या दाराआड गेल्या.

यंत्राचा हात माझ्या डोक्याभोवती फिरायला लागला, आरतीचं तबक ओवाळावं तसा, सावकाश. आणि तोंडात रस जमायला लागला.

तो आधी ओठाच्या कडेला आला. मग जिभेखाली. मग गालात. डोक्यात माझं निवेदन आपोआप सुरू झालं. रस पुढं सरकला, अण्णांनी पट रोखला, रसानं डाव टाकला, अण्णा खाली, अण्णा खाली! घशाचं दार ठोठावत होता तो. गिळलं तर फोटो फिसकटणार, पुन्हा काढायचा तर बाई जवळ येणार, तोंड बघणार. थुंकलं तर त्या पांढऱ्या यंत्रावर. आणि मधेच, या सगळ्या गमतीच्या मधेच, मला एकदम कळलं की हे यंत्र आबांच्याही डोक्याभोवती असंच फिरलं असेल. मग मला हसूही येईना आणि गिळताही येईना. डोळ्यांतून पाणी आलं.

यंत्र थांबलं. मी पट्टा सोडवून न्हाणीघराकडं धावलो.

बाहेर आलो तर बाई मोबाइल घेऊन उभ्या. "अण्णा, एक फोटो. लेकीला दावते." मी ओठ मिटून हसलो. त्या फोटोत मी फार गंभीर विचारवंत दिसतो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. बहीण याही वेळी बरोबर होती. डॉक्टरनं पडद्यावर माझा जबडा काढला आणि पावाच्या चकत्या कराव्यात तसा एकेक काप दाखवत गेली. करडं, पांढरं, काळं. ते माझं आहे यावर विश्वास बसेना.

"हा वरचा काठ. खचलाय. दात गेले तिथं हाड झिजून सुरीच्या धारेसारखं झालंय. खाली मात्र बरं दिसतंय, दाट आहे." तिनं पुढचा काप काढला आणि बोट थांबवलं. "आणि हे."

हाडाच्या पुढं, ओठाच्या बाजूला, पांढरे बारीक ठिपके होते. सहा किंवा सात. मोहरीपेक्षा लहान.

"हे हाडात नाहीत. हाडाच्या बाहेर आहेत. इथं एवढं पांढरं काही असायचं कारण नाही." तिनं पुन्हा माझा ओठ ओढला, बोटानं नीट चाचपला. हाताला काही लागलं नाही. "काय आहे ते मला सांगता येत नाही, काका. वर ती पांढरी कातडी आहेच. तिचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. शुक्रवारी या."

"म्हंजी कॅन्सर?" बहिणीनं विचारलं. मी जो शब्द तीन दिवस डोक्यात येऊ देत नव्हतो, तो तिनं सरळ टेबलावर ठेवला.

"मी तसं म्हटलेलं नाही. तपासल्याशिवाय काहीच म्हणणार नाही."

परतीच्या रेल्वेत मी जिभेनं ते ठिपके शोधत होतो. प्रत्येक ठिकाणी मला काहीतरी टोचत होतं. समोर एक आजोबा शेंगा खात बसले होते, चावून चावून, आणि मला त्यांच्या जबड्याचा हेवा वाटला. इतका, की त्यांनी मूठभर शेंगा पुढं केल्या. त्यांना वाटलं मी भुकेला आहे. रहिमतपूर आलं तसा मी उतरलो. आबा तिथंच जवळच्या गावात राहतात. मला घरी जायचा धीर नव्हता.

आबा अंगणात बाजेवर बसले होते, तोंडावर उपरणं. उन्हं कलली होती. मी शेजारी बसलो आणि बोलत सुटलो. दात, सांगली, हळकुंड, स्कॅनवाल्या बाई, रस, ठिपके. शुक्रवारचा तुकडा. आबा डोळ्यांनी ऐकतात. ऐकता ऐकता त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून खाली गेले आणि तिथंच थांबले. मी खाली बघितलं.

माझे हात तंबाखू मळत होते. आबांच्या शेजारी बसून. ज्या माणसाचा अर्धा जबडा गेला त्याच्या शेजारी बसून. मला पत्ताच नव्हता.

आबांनी माझं मनगट धरलं. तरुणपणी ते तालमीत होते, पकड अजूनही पैलवानाची आहे. त्यांनी माझा तळहात उन्हाकडं वळवला. तपकिरी चुऱ्यात नीट न मळलेला चुना पडला होता. पांढरे बारीक ठिपके. सहा किंवा सात.

मी ते बघत राहिलो. मग ओरडलोच.

"आबा! चुना हाय तो! स्कॅनमध्ये दिसला तो चुना हाय! बार तोंडात हुता माझ्या! मला काय बी झालं न्हाई, आबा!"

मी उठून अंगणात अक्षरशः नाचलो. मोठ्या जोडीची कुस्ती निकाली झाल्यावर जसा आवाज काढतो तसा काढला. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. आबा हसले नाहीत. त्यांनी बाज थोपटून मला खाली बसवलं आणि उपरणं खाली घेतलं.

इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दाखवलं नव्हतं, मीही बघायला मागितलं नव्हतं. काय बघितलं ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्यांनी ते पुरेसा वेळ खाली धरलं. मग पुन्हा वर घेतलं, माझा तळहात उलटा केला, तंबाखू मातीत पडली, आणि दुसरा हात पुढं करून डबी मागितली. मी दिली.

शुक्रवारी मी डॉक्टरसमोर सगळं ओकलो. रहिमतपूर, कराड, स्टेशनचा नळ, लिंबाचं झाड. ती ऐकत होती. बहीण तोंडावर पदर धरून ऐकत होती, आणि मग म्हणाली, "कैक वर्षं झाली म्हणत हुतास न्हवं सोडून? माझ्यासमोर? माइकवर बी असंच बोलतोस व्हय रं, खोटं?"

"ठिपके गेले, डॉक्टर," मी म्हणालो. "आता तुकडा नको ना?"

"ठिपके गेले, काका. कातडी कुठं गेली?"

मी ओठामागं जीभ फिरवली.

"ती पांढरी कातडी तशीच आहे. तंबाखू जिथं धरता बरोबर तिथंच. आता ऐका. पाच आठवडे एक चिमूट नाही. कधीकधी ही कातडी आपोआप निवळते. निवळली तर चांगलं. नाही निवळली तर त्या दिवशीच तुकडा काढायचा, त्यावर बोलणं नाही. आणि स्कॅन एकदा नव्यानं. रिकाम्या तोंडाचा."

ते पाच आठवडे मी कसे काढले विचारू नका. बडीशेप खाल्ली, भडंग खाल्लं, लवंगा चघळल्या, बायकोवर ओरडलो, मग तिला सगळं सांगितलं आणि तीच माझ्यावर ओरडली. रोज सकाळी आरशापुढं ओठ ओढून बघायचो. कधी वाटायचं कमी झालंय, कधी वाटायचं पसरलंय. दोन मैदानं घसा बसल्याचं सांगून सोडली. दोन्हीकडं तो तरणाबांड निवेदक उभा राहिला. त्याचा 'स' फार स्वच्छ आहे, असं लोकांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं.

पुन्हा स्कॅन सेंटरला गेलो. बाई ओळखून हसल्या. "परत? आमचा फोटो फिसकटला व्हता का?"

"फोटो बरोबर होता. माझंच तोंड खोटं होतं." आणि मी सांगितलं. त्यांच्या तोंडाकडं बघून सांगायला हवं होतं, मी मान खाली घालून करदोट्याकडं बघत सांगितलं.

त्यांनी हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीला काय सांगू आता? तिच्या बापाला काय सांगू? त्यो तर उद्याच चालू करंल."

"काही सांगू नका."

"मी न्हाईच सांगणार. तुमी सांगा. माइकवर." आणि पट्टा आवळायच्या आधी त्यांनी बोट वर केलं. "आ करा. ओठ खाली. दावा मला."

मी दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून, मान वाकवून, आत नीट बघितलं. मगच यंत्र चालू केलं. ते पुन्हा ओवाळत फिरलं. या वेळी गिळायला काही नव्हतं, आणि तरी मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. लपवायला काही उरलं नव्हतं. जे दिसेल ते खरंच असणार होतं.

डॉक्टरनं काप एकेक करून दाखवले. हाडापुढं ठिपका नाही, एकही नाही. वरचा काठ खचलेलाच. पण खाली हाड दाट. "चार नाही, दोन स्क्रू बसतील," ती म्हणाली, "आणि त्या दोघांवर चार दात. हळकुंड आतून भरीव निघालं, काका." मग ओठ ओढला. मी खुर्चीचे हात धरले. कातडी जवळपास सगळी निवळली होती. एका कोपऱ्यात तिळाएवढा पांढरा डाग राहिला होता.

"हा?" मी विचारलं.

"हा मी दर महिन्याला बघणार. वाढला तर काढणार."

तो तीळ अजून आहे. मी रोज सकाळी त्याला भेटतो.

स्क्रू बसले, दात यायला अजून अवकाश होता, तेवढ्यात आमच्या गावचं मैदान आलं. कमिटीनं विचारलं, जमंल का? मी हो म्हणालो. मांडवात गेलो तेव्हा पहिल्या रांगेत स्कॅनवाल्या बाई दिसल्या. मुलींच्या जोड्यांत त्यांच्या लेकीची कुस्ती होती, ती मातीच्या कडेला तयार उभी होती. शेजारी एक घाबरट दिसणारा पुरुष, बहुतेक तिचा बाप. टेम्पोत बाजेसकट घालून आणलेले आबा डाव्या बाजूला होते, तोंडावर उपरणं.

मी माइक धरला. "पोरांनो, तंबाखूला शिवू नका," म्हणालो आणि कर्ण्यातून शिट्टी वाजली. लोक हसले. साउंडवाला वायरीकडं धावला. "वायर राहू दे," मी म्हणालो. "वायर बरी हाय. मी शिवत हुतो. तीस वर्सं. हितंच उभा राहून, तुमाला नको म्हणत म्हणत, ओठात धरून."

मैदान गप्प झालं. हलगीसुद्धा थांबली. पुढं काय म्हणायचं ते सुचेना, हे माझ्या बाबतीत कधी घडलेलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून बाईंनी दोन बोटांनी खूण केली. ओठ खाली.

मी मांडवाच्या कडेला आलो, माइक काखेत धरला, आणि खालचा ओठ दोन्ही हातांनी ओढून सगळ्या मैदानाला दाखवला. स्क्रूची दोन टोपणं, मधली मोकळी जागा, कोपऱ्यातला तीळ. बाई उठून उभ्या राहिल्या, मान वाकवून नीट बघितलं, आणि मग लेकीला हातानं खुणावलं की जा, उतर मातीत.